इनॅमलचा टवका घरी भरायचा तर काम कोणत्या क्रमाने करायचं

टवका उडाला, हार्डवेअरमधून पांढऱ्या रंगाची छोटी डबी आणली, ब्रश मारला, दोन दिवस एकदम झकास दिसलं आणि पंधरा दिवसांत पापुद्रा निघून खाली परत तोच लाल गंज. मग सगळ्यांचा प्रश्न एकच, भाऊ कोणत्या कंपनीचा रंग घ्यायला पाहिजे होता? रंगाचा दोष फार कमी वेळा असतो. चुकतो तो क्रम. आधी घासलं आणि मग धुतलं, गंज वरवर काढला, पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारला, सगळं इथंच बिघडतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. इनॅमल म्हणजे रंग नाही, ती काच आहे, लोखंडावर पावडर टाकून साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवून चिकटवलेली. घरी ते परत करता येत नाही, कोणी सांगितलं तरी. आपण करतो ते ठिगळ, म्हणजे खड्डा एपॉक्सीने (दोन भाग कालवले की कडक होणारा माल) भरायचा आणि वरून दोन घटकांचा रंग चढवायचा. आणि काचेवर काहीही सहज चिकटत नाही कारण ती काही शोषत नाही, गुळगुळीत असते, म्हणून या कामात रंग मारायला अर्धा तास लागतो आणि त्याच्या आधीच्या तयारीला दिवस जातो. तेवढा वेळ नसेल तर काम काढूच नका, टवक्याला थोडं तेल पुसून ठेवा म्हणजे गंज वाढणार नाही.

टप्पा १ : काय दुरुस्त करायचं नाही ते आधी ठरवा

खायच्या भांड्यांना हात लावू नका. जुन्या तामचिनीच्या ताटल्या, मग, घमेली यांच्या आतल्या बाजूला टवका असेल तर ते भांडं जेवणातून बाद. बाजारात मिळणारं साधं एपॉक्सी खाण्यासाठी बनवलेलं नसतं, गरम वरणाने ते मऊ पडतं, आणि टवक्याच्या कडेची काच हळूहळू सुटत राहते ती पोटात जाते. त्यात जुन्या लाल, पिवळ्या, केशरी रंगाच्या इनॅमलमध्ये शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. लोणचं कालवायला, ताक ठेवायला तर असलं भांडं अजिबातच नको, आंबट लागलं की उघडं लोखंड लगेच उतरतं. आजीची आठवण असेल तर त्यात झाड लावा.

गॅस शेगडीची जाळी, बर्नरच्या भोवतालची ताटली, ओव्हनचा आतला भाग, हे पण नाही. साधं एपॉक्सी ७०-८० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, ज्वाळेजवळ ते जळणारच आणि धूर वेगळा. जाळी नवीन घ्या, स्वस्त पडते. गिझरच्या टाकीच्या आत जो काचेचा थर असतो तो पण घरचं काम नाही, ती प्रेशरची टाकी आहे. आणि पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर वर कितीही लिंपा, मागून गंज खातच राहणार.

मग उरतं काय? टब, पत्र्याचं किंवा बिडाचं सिंक, वॉशिंग मशीनचं वरचं झाकण, फ्रिजचा जुना दरवाजा, दवाखान्यातले ट्रे, घराच्या नंबरची पाटी, दुकानाचा जुना बोर्ड. यांना पुढची पद्धत चालते. भुसावळकडे कोणाकोणाला भंगारात जुना बिडाचा टब मिळतो, त्यांनी टप्पा ८ नीट वाचा.

टप्पा २ : नक्की इनॅमलच आहे का आणि नक्की टवकाच आहे का

चुंबक लावा. फ्रिजवरचं शोभेचं पण चालेल. चिकटलं तर आत लोखंड आहे म्हणजे इनॅमल असू शकतं. नाही चिकटलं तर ते सिरॅमिक (आपल्याकडची बहुतेक वॉश बेसिनं आणि कमोड सगळी सिरॅमिकच) किंवा ॲक्रिलिक. सिरॅमिकला गंजाचा टप्पा लागत नाही, बाकी भरायची पद्धत तीच. ॲक्रिलिकला ही पद्धत लावू नका, ॲसिटोनने ते विरघळतं.

दुसरी तपासणी, कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा अर्धा मिनिट घासा. बोळ्यावर रंग आला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर कोणीतरी आधीच वरून रंग मारलेला आहे. काच ॲसिटोनला दाद देत नाही. असा जुना रंग खाली ठेवून वर नवा मारला तर तुमचा रंग त्या जुन्याच्या भरवशावर राहणार, तो उद्या सुटला की दोन्ही जाणार. सगळा खरवडून काढा, प्लास्टिकच्या पट्टीने, ब्लेडने, घासायच्या पॉलिश पेपरने, वेळ लागू द्या.

सावधान : रंग काढायचं लिक्विड घेताना डबीवर मिथिलिन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर बाथरूममध्ये ते उघडायचं नाही. याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबात तळाशी साचते आणि माणूस नेमकं टबात डोकं घालून घासत असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रंगवणारे १३ कारागीर याच लिक्विडच्या वाफेने गेले, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ती नोंद छापली. ते धंदा करणारे लोक होते, नवशिके नव्हते.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. सिंकमध्ये करड्या काळ्या रेघा दिसतात त्या बहुतेक वेळा ओरखडे नसतातच, स्टीलची-ॲल्युमिनियमची भांडी घासून त्यांचाच धातू काचेवर लागलेला असतो. नख फिरवा, नख अडकत नसेल तर रंग-बिंग काही नको. खायचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्याने घासा, तेवढ्याने नाही गेलं तर ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर असलेलं क्लीनर, हातमोजे घालून, पाच मिनिटं, आणि भरपूर पाणी. विषारी आहे, पोरांपासून लांब.

आणि पूर्ण पृष्ठभागच मेणचट, खरखरीत, चमक गेलेला असेल तर तो ॲसिडने खाल्लेला आहे. टॉयलेट क्लीनर किंवा खुलं ॲसिड टाकून फरशी-टब एकाच झटक्यात धुवायची सवय आहे आपल्याकडे, त्याचं हे फळ. ही चमक पॉलिशने परत येत नाही, पूर्ण रंगवणं एवढाच मार्ग.

टप्पा ३ : दिवस निवडा आणि सामान एका जागी आणा

खान्देशात हा टप्पा सोडून चालत नाही कारण आपला उन्हाळा एपॉक्सीला झेपत नाही. साधारण दर १० अंश वाढले की मिश्रण घट्ट व्हायचा वेळ निम्मा होतो. डब्यावर २५ अंशाला ४० मिनिटं लिहिलंय, मग मे महिन्यात जळगावला दुपारी ४५ अंशाला ती जेमतेम १० मिनिटं राहतात, अर्धं काम हातात आणि डबीतला माल दगड. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे, आणि माल एकावेळी थोडाच कालवायचा. लोखंड उन्हात तापलेलं असेल तर ते आधी सावलीत थंड होऊ द्या, हवेपेक्षा ते जास्त गरम असतं.

पावसाळ्यात उलटं. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, त्यावर दुसरा हात मारला तर तो चिकटत नाही. असं झालं तर साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून, हलका पेपर मारूनच पुढे जा. आणि ऐन थंडीत धुळ्याकडे पहाटे पारा १० च्या खाली जातो, तेव्हा एपॉक्सी जमतच नाही, दुपार बघून करा. सगळ्यात सोपा काळ म्हणजे दिवाळीनंतरचा महिना आणि होळीच्या आधीचा महिना, दिवसा ना घाम ना ओल.

सामान : दोन घटकांचं एपॉक्सी पुट्टी (एम-सीलसारखं, खोल खड्ड्यासाठी), दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर, वरच्या रंगासाठी दोन घटकांचा एपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, ॲसिटोन, पेपर ८०, १२०, २२०, ३२०, ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचे (शेवटचे वॉटर पेपर), गंज बदलणारं लिक्विड (रस्ट कन्व्हर्टर), मास्किंग टेप, पांढरी जुनी सुती फडकी, जुनं एटीएम कार्ड, दाढीचं ब्लेड, गोणी शिवायची दाभण, चष्मा म्हणजे डोळ्यांचा गॉगल, रबरी हातमोजे, टॉर्च आणि वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क. उन्हात तोंडाला बांधतो तो रुमाल इथे काही कामाचा नाही, तो धूळ अडवतो, वाफ नाही.

दुकानात नुसतं इनॅमल मागितलं की खिडकीच्या ग्रिलला मारतात तो ऑईल पेंट हातात ठेवतात, डब्यावर पण तेच लिहिलेलं असतं. तो नको. दोन वेगवेगळ्या डब्यांत येतो, एक बेस आणि एक हार्डनर, तोच घ्या. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं श्वासाला घातक रसायन असतं, म्हणून तो घरात स्प्रे गनने मारायचा नाही, फक्त ब्रश किंवा रोलर, आणि तेही मास्क लावून. एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, त्यामुळे बाहेरच्या पाटीला पीयू आणि बाथरूमच्या आत दोन्हीपैकी काहीही.

टप्पा ४ : धुणं, पेपर मारायच्या आधी

हा क्रम उलटा केला म्हणूनच बहुतेकांचं काम निघतं. मळ-साबण-तेल वर असताना पेपर मारला तर तो मळ ओरखड्यांत दाबला जातो आणि मग कितीही धुवा, जात नाही.

१. भांड्यांच्या साध्या साबणाने धुवा, दोनदा.

२. क्षार काढा. आपलं बोअरचं पाणी जड, टबाच्या तळाला आणि नळाच्या खाली पांढरा दगडी थर बसलेला असतो, तो वरून गुळगुळीत लागतो म्हणून लोक इनॅमलच समजतात आणि त्याच्यावरच रंग मारतात. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी फडक्यात भिजवून फक्त त्या थरावर ठेवा, पाच-दहा मिनिटं, मग घासून धुवा, राहिलं तर परत. रात्रभर ठेवू नका, सौम्य आम्ल पण काचेची चमक खातं, आणि टवक्यावर तर जाऊच देऊ नका.

३. सिलिकॉन काढा. टब आणि भिंत यांच्या सांध्यात जे रबरासारखं भरलेलं असतं ते ब्लेडने कापून, खरवडून, कणन् कण. सिलिकॉनचा हात लागलेल्या जागेवर रंगाला डोळे पडतात, म्हणजे गोल गोल खड्डे, रंग तिथून मागे सरतो.

४. परत साबणाने धुवा, आणि शेवटचं पाणी आरओचं वापरा. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच कोरडं पुसा, नाहीतर सुकताना परत क्षार सोडून जातं.

५. सुकल्यावर ॲसिटोन. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं, ओल्याने पुसलं की उडून जायच्या आत कोरड्याने उचलायचं, नाहीतर तेल नुसतं इकडचं तिकडे जातं. रंगीत फडकं नको, ॲसिटोनने त्याचा रंग सुटतो. रॉकेल आणि पेट्रोल तर अजिबातच नको, रॉकेल स्वतःच तेलकट थर सोडतं. स्वस्तातलं खुलं थिनर पण नको, पुसल्यावर बोटाला तेलकट लागतंय का बघा म्हणजे कळेल.

सावधान : ॲसिटोन उघडायच्या आधी गॅस गिझर बंद, त्याचा सिलिंडरचा कॉक पण बंद, उदबत्ती-समई लांब, आणि टेबल फॅन दाराच्या बाहेर ठेवून हवा बाहेर फेकेल असा लावा. आणि ॲसिडवाला क्लीनर व ब्लीचिंग एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो.

तपासणी : पृष्ठभागावर थोडं आरओचं पाणी शिंपडा. पाणी सलग पसरून चादरीसारखं उतरलं तर साफ. थेंब गोल होऊन तुटक तुटक उभे राहिले तर तेल अजून आहे, १ नंबरपासून परत. इथे घाई करू नका, ही एक तपासणी सगळ्या पुढच्या कामाचं भवितव्य ठरवते. पास झालं की सुकवा आणि ॲसिटोन एकदा परत फिरवा.

टप्पा ५ : गंज आणि कडा

टवका जेवढा दिसतो तेवढाच नसतो. गंज काचेच्या खाली आडवा सरकत जातो आणि वरची काच नुसती टांगलेली राहते. गॉगल घाला, दाभण घ्या आणि टवक्याच्या कडेने टोकाने हळू दाबत फिरा, सुटलेली काच कच्च आवाज करून उडते, ती उडू द्या. जिथे दाभण घट्ट काचेवर आपटते तिथे थांबा. हातोडी-छिन्नी वापरायची नाही, एका ठोक्याने तडा लांबपर्यंत जातो आणि बोटाएवढं काम हातभर होतं. लहान टवका मोठा होताना बघून जीव जातो माणसाचा, पण सुटलेली काच ठेवून भरलं तर ती नंतर तुमचं ठिगळ घेऊनच उडणार.

मग ८० नंबरच्या पेपरचा छोटा तुकडा बोटाच्या टोकावर गुंडाळून खड्ड्यातला गंज घासा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. नंतर १२० ने काचेची कड उतरती करा, उभी कड राहिली तर भराव तिथूनच चिरतो. शेवटी टवक्याच्या भोवती बोटभर पट्टा २२० ने मॅट करा, भराव आणि रंगाला पकड तिथेच मिळते.

इथून पुढे पाणी नाही. साफ केलेल्या लोखंडाला पाणी लागलं की काही मिनिटांत परत लालसर धूळ धरते. कोरडाच पेपर, आणि पुसायला ॲसिटोन.

बारीक खड्ड्यात काळपट गंज उरतोच, पेपर आत पोचत नाही. तेवढ्याच ठिकाणी काडीने गंज बदलणारं लिक्विड लावा. टॅनिक ॲसिडवालं असेल तर जागा काळी निळी होते, फॉस्फोरिकवालं असेल तर करडी पांढरट. डबीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, नंतर पुसायचं की धुवायचं ते पण डबीवरच लिहिलेलं असतं, ते वाचा. पूर्ण गंजावर हे लिक्विड ओतून घासायचं काम वाचवू नका, सुटा गंज तसाच राहतो आणि वरचा थर त्याच्यासकट उठतो.

तपासणी : टॉर्च आडवा धरून बघा. लाल ठिपका दिसला की परत घासा. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी, शक्यतो तासा-दोन तासांत, पातळ एपॉक्सी प्रायमर फक्त उघड्या लोखंडावर. उद्या करू म्हणालात तर उद्या परत गंजापासून सुरुवात.

टप्पा ६ : भराव

प्रायमर सुकला, डब्यावरच्या वेळेत आहे, आता पुट्टी. दोन्ही भाग बरोबर सारखे घ्या, डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर ते, आणि ते वजनाने आहे की मापाने हे वाचा. हार्डनर जास्त टाकला म्हणजे लवकर आणि कडक सुकेल असं नसतं, उलट तो कायमचा चिकट किंवा ठिसूळ राहतो. दोन्ही रंग एकजीव होऊन एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा, भाकरीच्या पिठासारखं, तळहाताच्या जोरावर.

खड्डा खोल असेल, म्हणजे एक मिलिमीटरच्या वर, तर दोन थरांत भरा. पहिला थर दाबून बसवा, हवा आत राहू देऊ नका, हवेचा बुडबुडा राहिला की वर पेपर मारताना तिथे भोक उघडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भराव वर फुगवून ठेवायचा आणि सुकल्यावर घासून सपाट करायचा, हे भिंतीच्या पुट्टीला ठीक, इथे नाही. फुगीर भराव घासताना पेपर बाजूच्या चांगल्या काचेवर फिरतो आणि एका टवक्याच्या जागी वीतभर मॅट डाग होतो. म्हणून एटीएम कार्डने ओढून बरोबरीत आणा, आणि मग वाट बघा. नख टेकलं तर वण उठतो पण नखाला काही चिकटत नाही, अशी वेळ येते. उन्हाळ्यात ती लवकर, थंडीत दोन-तीन तासांनी. तेव्हा दाढीचं ब्लेड दोन्ही बाजूंच्या काचेवर टेकवून आडवं ओढा, जास्तीचा माल लोण्यासारखा निघतो. शेवटी भराव काचेच्या पातळीपेक्षा केसभर खाली राहिला पाहिजे, ती जागा रंगासाठी.

पूर्ण कडक झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी, ४०० नंबरने फक्त भरावावर हलका हात, आणि ॲसिटोनने एक पुसा.

तपासणी : डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. उंचवटा लागला तर ब्लेड, खड्डा लागला तर परत पातळ भराव.

टप्पा ७ : छोट्या टवक्याचा रंग

पांढरा रंग एक नसतो. जुना टब दुधाळ पिवळसर असतो, वॉशिंग मशीन निळसर पांढरं, आणि नव्या डबीतला पांढरा दोन्हीवर टिकलीसारखा उठून दिसतो. मास्किंग टेपचा तुकडा घेऊन त्यावर रंग मारा, पूर्ण सुकू द्या, आणि टवक्याशेजारी चिकटवून त्याच खोलीच्या उजेडात बघा. ओला रंग बघून ठरवू नका, सुकल्यावर छटा बदलते. थोडा पिवळा किंवा थोडा काळा स्टेनर, म्हणजे छटा बदलायला मिसळतात तो गडद रंग, काडीच्या टोकाने, थेंबाने नाही, आणि स्टेनर त्याच जातीच्या रंगाला चालणारा पाहिजे. पाण्याच्या रंगाचा स्टेनर टाकला की सगळं फाटतं.

बारीक ब्रशने किंवा काडीने पातळ थर द्या, मध्यापासून कडेकडे. कडेला बाहेर पसरू देऊ नका, मॅट केलेल्या पट्ट्यावरच संपवा. पहिला हात विरळ दिसतो, खालचा भराव दिसतो, दिसू द्या. तिथेच घाबरून जाड हात दिला की मधे आत बसतो आणि कडेला कुबड येतं. डब्यावर दुसऱ्या हाताची वेळ दिलेली असते, त्या वेळेतच पुढचा हात, वेळ निघून गेली तर आधी ३२० नंबर हलका आणि पुसा, मगच. दोन-तीन हातात काम होतं.

पूर्ण जमल्यावर, घाई केली तर नाही, १००० आणि मग १५०० चा वॉटर पेपर पाण्याबरोबर, नुसत्या ठिगळावर, आणि गाडीच्या पॉलिशने घासून चमक जुळवा. जवळून बघितलं तर ठिगळ कळतंच, हे मान्य करून टाका. तीन फुटांवरून कळलं नाही म्हणजे चांगलं झालं.

टप्पा ८ : पूर्ण टब किंवा सिंक रंगवायचं असेल तर

टप्पा ७ सोडून बाकी सगळे टप्पे आधी करून घ्या, टवके भरून झालेले असले पाहिजेत. पाण्याची जाळी, ओव्हरफ्लोची चकती काढा. रंग त्यांच्यावरून मारला तर नंतर खोलताना चीर पडते.

पूर्ण पृष्ठभाग २२० ने मॅट करा. मग दिवा बंद करून टॉर्च आडवा मारा, जिथे चमकतंय तिथे पेपर लागलेलाच नाही. कोपरे, वळणं, कडेच्या खालची बाजू, लोक इथेच सोडतात आणि पापुद्रा पण इथूनच सुरू होतो. ही जागा मॅट होईपर्यंत हात दुखतात, पण पर्याय नाही. काचेला खरखरीत करायला हायड्रोफ्लोरिक ॲसिडवालं लिक्विड कारखान्यात वापरतात, कोणी कितीही स्वस्तात दिलं तरी घरात आणू नका. ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखत पण नाही.

धूळ व्हॅक्युमने किंवा ओलसर फडक्याने काढा, सुकवा, ॲसिटोनचं दोन फडक्यांचं पुसणं परत, मास्किंग टेप, आणि नळाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधा. हे विसरतात लोक. नळ थेंब थेंब गळतो, ओल्या रंगावर एक थेंब पडला की तिथे चंद्र उठतो.

मग चिकटणारा एपॉक्सी प्रायमर, रोलरने, पातळ. नवीन रोलरचे धागे सुटतात म्हणून आधी तो टेपवर दोनदा फिरवा. पुढे वरचा रंग, कडेपासून तळाकडे, तळ शेवटी, म्हणजे स्वतःलाच अडकवून घेणार नाही. रोलर मारून झालं की कोरड्या ब्रशच्या टोकाने एका दिशेने हलकं ओढा, बुडबुडे बसतात. एकदा ओढलं की सोडा, परत परत फिरवलं तर ओघळ आणि ब्रशच्या रेघा. लहान डब्यात थोडाच माल कालवा, जुना संपल्याशिवाय नवीन नको, आणि घट्ट व्हायला लागलेल्या मालात थिनर टाकून तो वाचवायचा प्रयत्न करू नका.

हवा पाहिजे पण धूळ नको, ही खान्देशातली खरी अडचण, मार्च-एप्रिलला दुपारी वावटळ सुटली की खिडकीतून माती आलीच. खिडकीला ओलं पातळ फडकं ताणून बांधा. आणि रात्र झाली की दिवा बंद करून बाहेर या, पावसाळ्याच्या तोंडावर पाखरं दिव्याकडे येतात आणि ओल्या पांढऱ्यावर बसतात. बसलंच एखादं तर ओल्यात काढू नका, सुकल्यावर ६०० ने उडवा.

टप्पा ९ : जमायला वेळ द्या

हाताला कोरडं लागणं आणि पूर्ण जमणं वेगळं. बहुतेक दोन घटकांच्या रंगांना पाणी सोसायला आठवडाभर लागतो, डब्यावर फुल क्युअर म्हणून लिहिलेला आकडा बघा आणि थंडीत त्यात दोन दिवस वाढवा. तोवर बाथरूमला कुलूप लावा, कारण घरातलं कोणीतरी एक बादली पाणी काय होतं म्हणून टाकतंच.

सांध्यात सिलिकॉन भरायचं ते हे सगळं झाल्यावर. टबात घसरू नये म्हणून खालून रबरी वाट्यांनी चिकटणारी मॅट टाकू नका, ती काढताना रंग ओढून घेते. स्टीलची बादली, हंडा तळावर आदळू नका, खाली रबराचा तुकडा ठेवा. धुवायला साबण आणि मऊ फडकं, घासणी आणि टॉयलेट क्लीनर कायमचे बाद.

पापुद्रा निघालाच तर उलटून बघा

नवीन डबी आणायच्या आधी निघालेला तुकडा नखावर उलटा धरा, काय चुकलं ते त्यावरच कळतं.

उलट्या बाजूला काहीच लागलेलं नाही, गुळगुळीत आणि खालची काच पण चकचकीत, मग तिथे पेपर मारलेलाच नव्हता किंवा तेल राहिलं होतं. टप्पा ४ मधलं धुणं आणि टप्पा ८ मधलं मॅट करणं परत, निघालेल्या जागेच्या पुढेपर्यंत.

पांढरट खडूसारखी पूड लागलेली असेल तर तो क्षार, बोअरच्या पाण्याचा, रंग इनॅमलवर नाही क्षारावर मारला गेला होता.

तपकिरी गंज लागलेला असेल तर कड सोडवली नव्हती. दाभण घेऊन टप्पा ५.

दोन रंगांच्या थरांमधूनच सुटलं असेल, म्हणजे खाली प्रायमर तसाच आणि वरचा निघाला, तर दुसऱ्या हाताची वेळ चुकली किंवा पावसाळी दिवसात तो मेणचट थर धुतला नव्हता. इथे सगळं काढायची गरज नाही, प्रायमर घट्ट असेल तर ३२० मारून, पुसून, वरचाच थर परत.

आणि निघाला नाही पण महिना झाला तरी बोट चिकटतंय, तर प्रमाण चुकलं किंवा नीट कालवलं नव्हतं. हा माल नंतर कधीच जमत नाही, वरून दुसरा हात मारून झाकू नका, ॲसिटोनच्या फडक्याने आणि प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून, खालची काच किंवा लोखंड लागेपर्यंत साफ करून परत भरा.